एका दमात किती वाफे

मला गावात भित्रा म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती फारशी कुणाला नव्हती, कारण तोंडावर म्हटलं की माझा हात सुटायचा. पण पाठीमागे सर्रास म्हणायचे. मी एकोणीस वर्षांचा होतो. दिवसभर मिठागरात उभा राहून मीठ ओढत होतो, भरतीच्या वेळी खाडी पोहून पार करत होतो, बांधात निघालेला साप शेपटीला धरून लांब भिरकावत होतो. असा माणूस भित्रा कसा, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगावं अशी माझी फार इच्छा होती. कुणी सांगितलं नाही, तेव्हा मीच शोधून काढायचं ठरवलं.

आमचं गाव जूचंद्रच्या पुढे, खाडीच्या अंगाला. पावसाळ्यात भात आणि पाऊस सरला की मीठ, अशी वर्षाची दोन कामं. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आज वसईच्या पूर्वेला जिथे एव्हरशाईन सिटीच्या इमारती आहेत, तिथून आम्ही बांधाबांधाने चालत सामन्यांना जायचो, हे माझ्या नातवंडांना खरं वाटत नाही. न वाटू दे. सामने म्हणजे हुतूतूचे. दुसरा खेळ आम्हाला ठाऊक नव्हता आणि हवाही नव्हता. भात कापून झालं की एखादं खाचर सपाट करायचं, चोपून कडक करायचं, राखेने रेघा ओढायच्या, की मैदान तयार.

ज्यांनी जुना हुतूतू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चढाई करणारा गडी समोरच्यांच्या अंगणात एकटा शिरतो. शिरताना छाती भरून श्वास घेतो आणि त्या एकाच श्वासात 'हुतूतू हुतूतू' म्हणत राहतो. तो दम टिकतोय तोवर त्याने कुणाला तरी शिवायचं आणि परत मधल्या रेघेवर यायचं. समोरचे त्याला धरून ठेवतात, दम तुटेपर्यंत. दम तुटला की तो बाद. पाय चपळ असून भागत नाही, छातीत हवा लागते.

माझ्या छातीत हवा होती. सरावात माझ्याइतका लांब दम गावात कुणाचा नव्हता, हे माझे शत्रूसुद्धा कबूल करायचे. चार गडी अंगावर बसलेले असतानाही मी 'हुतूतू' म्हणत रेघेकडे सरकायचो. पण सामना आला, दुसऱ्या गावची माणसं चौफेर उभी राहिली, ढोल वाजायला लागला, की मला काहीतरी व्हायचं. रेघ ओलांडताना छाती धडधडायची, तोंड कोरडं पडायचं, आवाज चिरका व्हायचा आणि दहा पावलं जाण्याआधी श्वास संपायचा. कुणी धरलेलंही नसायचं. मी समोरच्यांच्या अंगणात मधोमध उभा, तोंड उघडं, आवाज नाही. असं लागोपाठ तीन सामन्यांत झालं. तिसऱ्या सामन्यात प्रेक्षक हसले. ते हसू मी आज सत्तरी ओलांडून गेलो तरी विसरलेलो नाही.

आता आमच्या गावची रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. सामन्याच्या दिवशी सकाळी चढाई करणाऱ्या गड्यांना देवळासमोर उघड्या अंगाने उभं करत. गावातला प्रत्येक पुरुष हात पाण्यात बुडवून त्यांच्या पाठीवर एकेक सणसणीत थाप मारी. थाप मारताना बोलायचंही असे. मागच्या वर्षी त्यांनी तुला कसा लोळवला, तुझ्या बापाच्या वेळी ते आपल्याला काय म्हणाले, आज हरून आलास तर तोंड दाखवू नकोस, असं काय काय. ढोल चालूच. पाठ लालबुंद झाली की म्हातारे म्हणत, "तापली." याला आमच्याकडे पाठ तापवणं म्हणत. जितकी पाठ लाल तितका गडी भारी, यावर गावाचा देवाइतकाच विश्वास होता.

आमच्या संघाचा कर्णधार माझा सख्खा मोठा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. शेवटची चढाई कर्णधाराची असे, आणि आम्ही त्या चढाईवर दोन-तीन सामने मारले होते, त्यामुळे गावात त्याचा शब्द चालायचा. माझ्या पाठीवर सर्वांत जोरात तोच मारायचा. पहिल्या सामन्यात माझा दम तुटला तेव्हा तो म्हणाला, पाठ कमी तापली. दुसऱ्या वेळी त्याने माझ्या पाठीवर गावाला दोन-दोन थापा मारायला लावल्या. तिसऱ्या वेळी मी सामन्याला गेलो तेव्हा माझ्या पाठीला सदराही सोसत नव्हता. आणि तिसऱ्या वेळी तर मी आठ पावलांतच संपलो.

त्या सामन्यानंतर दादाने मला पारावर बोलावलं. म्हातारी मंडळी बसलेली होती. तो म्हणाला, "आता एकदाच. पुढच्या सामन्याला दम तुटला तर तुझ्या जागी दुसरा येईल. मग मना बोलू नको."

एक म्हातारा तंबाखू चोळत म्हणाला, "छातीच नाय त्याला. छाती का पाठीवर मारून येते?" बाकीचे हसले. दादाही हसला. मला त्या हसण्याचा जास्त राग आला.

जागा गेली असती तर गेली असती. पण गावात एकदा शिक्का बसला की तो लग्नाच्या बोलणीतसुद्धा आपल्या आधी पोहोचतो. मरेपर्यंत मी भित्राच राहिलो असतो, माझ्या पोरांना भित्र्याची पोरं म्हटलं असतं. ते मला मान्य नव्हतं. मला नुसतं जिंकायचं नव्हतं, मला ते नाव पुसून टाकायचं होतं.

आणि मग एक गोष्ट घडली, म्हटलं तर अगदी किरकोळ. शेजारच्या गावाशी एक साधा, मैत्रीतला सामना ठरला होता. त्याच दिवशी आभाळ भरून आलं. अवेळी पाऊस पडला तर तयार झालेलं मीठ वाफ्यातच विरघळून जातं, म्हणून आम्ही उजाडल्यापासून लांब दांड्याच्या लाकडी फावड्यांनी मीठ ओढून राशी घालत होतो. देवळाकडे जाऊन पाठ तापवून घ्यायला वेळच मिळाला नाही. पाय खारवलेले, हात भेगाळलेले, तसाच मी थेट मैदानावर गेलो. डोक्यात सामना नव्हताच, राशी झाकल्या गेल्या की नाही याचीच काळजी होती. आणि त्या दिवशी मी चार चढाया केल्या, एकदाही दम तुटला नाही.

गाव म्हणालं, नशीब. दादा म्हणाला, मैत्रीतला सामना तो, त्यात काय. पाऊसही आला नाही, त्यामुळे घाईघाईने मीठ ओढल्याबद्दल उलट बोलणीच बसली. मी मात्र रात्रभर तळमळत विचार केला नाही, तसा माझा स्वभावच नाही. मी दुसऱ्या दिवशी मोजायलाच घेतलं.

आमच्या संघात उजवा कोपरा सांभाळणारा माझा एक सोबती होता. अंगाने धिप्पाड, डोक्याने थंड, मिठागरात माझ्या शेजारच्या वाफ्यावर कामाला. मी त्याला म्हटलं, मी बांधावरून 'हुतूतू' म्हणत पळतो, एका दमात किती वाफे ओलांडतो ते तू मोज. तो म्हणाला, "येड लागलं काय तुला?" पण मोजायला उभा राहिला. सकाळी काम सुरू करण्याआधी, शांतपणे पळालो तर नऊ वाफे. मग मी त्याला म्हटलं, आता पाठ तापव माझी. तोंडाने बोल पण, अगदी लागेल असं बोल.

तो बिचारा लाजला. पण एकदा सुरू झाल्यावर त्याला जी रंगत चढली ती बघण्यासारखी होती. माझ्या तीनही सामन्यांचं त्याने असं वर्णन केलं की मला खरंच त्याला खाडीत ढकलावंसं वाटलं. पाठ पेटली, कानशिलं तापली, मी पळालो. पाच वाफे. पाचव्या वाफ्यावर माझा दम खाटकन तुटला, हुबेहूब सामन्यासारखा. आम्ही दोघे बांधावर उभे राहून एकमेकांकडे बघत राहिलो. मला इतका आनंद झाला होता की मी त्याला मिठी मारली. श्वास कमी पडत होता तो छाती नसल्यामुळे नव्हे, तापलेली छाती श्वास आधीच खाऊन टाकत होती म्हणून. भीती असो, राग असो, अंग दोन्हींनी सारखंच पेटत होतं.

आम्ही ते पंधरा-वीस दिवस करून पाहिलं. मिठागरातले बाकीचे लोक आम्हाला हसत होते, त्यांना हसू दिलं. दुसरी एक गोष्ट त्यात लक्षात आली. पाठ तापलेली असताना मला समोरचा एकच माणूस दिसायचा. बांधाच्या कडेला सोबती हात पसरून उभा राहायचा, तो मला दिसायचाच नाही, धडकल्यावर कळायचं. सामन्यातही असंच होत असणार, कोपऱ्यातला गडी मला दिसतच नसणार. म्हणजे श्वासही जातो आणि नजरही जाते.

मग मी शहाणपणा करायला गेलो आणि पडलो. मला वाटलं, अंग थंड ठेवणं हेच औषध असेल तर पूर्ण थंडच ठेवू. गावातल्या गावात सरावाचा सामना होता. मी जेवून चिंचेखाली पसरलो, चांगली झोप काढली, मनातून खेळ काढून टाकला आणि हाक आल्यावर उठून मैदानात गेलो. श्वास भरपूर होता. सगळं दिसत होतं. समोरचे सातही गडी, बांधावरची बगळ्यांची रांग, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका, सगळं. पण पाय माझे नव्हतेच. पहिल्याच चढाईला एका पोरसवद्या गड्याने मला मागून घोट्याला धरलं आणि मी तसाच बसलो. दम शिल्लक असून बसलो. ओढ घ्यावी असंच वाटलं नाही. दादाने कपाळावर हात मारला. आणि गावाला वाटलं, आता तर हा पुरता मेला.

मला मात्र त्या दिवशी पुरतं कळलं. फार तापला तरी गडी जातो, फार थंड झाला तरी जातो. मधे कुठेतरी एक जागा आहे, तिथे अंग जागं असतं आणि श्वास आपल्या ताब्यात असतो. मिठागरातून थेट मैदानावर गेलो त्या दिवशी मी नकळत त्या जागेवर होतो. आता ती जागा मुद्दाम गाठायची होती, पुन:पुन्हा, हुकमी. पुढे बऱ्याच वर्षांनी मी शाळेत खेळ शिकवायला लागलो तेव्हा कळलं की या गोष्टीवर शिकलेली माणसं अभ्यास करतात, आलेख काढतात. करू देत. मी तो अभ्यास वाफे मोजून केला.

जागा गाठायची युक्ती शोधायला आणखी दहा दिवस गेले. बांधावर भराभर शंभर पावलं चालायचं, मग पन्नास पावलं सावकाश. श्वास घेताना दोन पावलं, सोडताना चार. तोंडावर आणि मानेवर पाणी. आणि मनात सामना आणायचाच, टाळायचा नाही, पण आणायचा तो कामासारखा. डाव्या कोपऱ्यात कोण उभा असेल, त्याच्याकडे कसा जाईन, परत कसा फिरेन. हरलो तर काय, हा विषय आला की पुन्हा पावलं मोजायची. असं करून पळालो तर अकरा वाफे. एकदा तर साडेअकरा. शांत सकाळपेक्षाही दोन जास्त!

माझ्या सोबत्यावरही आम्ही हे करून पाहिलं, तर उलटंच निघालं. त्याचं काम चढाईचं नव्हे, पकडीचं. समोरच्याला धरायचं आणि सोडायचं नाही, यात श्वास फारसा लागत नाही, ताकद लागते. त्याला शंभर पावलं चालवलं तर तो जांभया द्यायचा. त्याला पाठीवर दोन थापा आणि दोन शिव्या दिल्या की त्याची पकड अशी बसायची की सुटता सुटत नसे. म्हणजे गावची रीत चुकीची नव्हती. ती सगळ्यांना सारखी लावणं चुकीचं होतं, आणि चढाईच्या गड्यांनाच ती लावत होते ही तर कमालच होती.

मोठा सामना ठरला तो बोळिंजच्या बाजूला, किनाऱ्याकडच्या वाडीवाल्यांशी. ती केळी आणि पानवेलींच्या बागांची माणसं, टापटिपीची, बोलायला गोड आणि खेळायला चिवट. त्यांच्याशी आम्ही लागोपाठ दोन वर्षं हरलो होतो. सकाळी देवळासमोर गाव जमलं. पाण्याची घमेली आली, ढोल सुरू झाला. चढाईचे बाकीचे चौघे गडी सदरे काढून उभे राहिले. मी सदरा काढला नाही.

दादा म्हणाला, "काढ."

मी म्हटलं, "नाय. मी पाठ तापवून घेनार नाय."

ढोल थांबला. मला वाटतं, त्या देवळासमोर असं बोलणारा मी पहिलाच असेन. दादाचा चेहरा काळा पडला. "गावाची रीत हाय ती," तो म्हणाला.

"रीत मोडत नाय. बाकीच्यांची तापवा. माझी नको. तापली की माझा दम जातो, मी मोजून बघितलंय."

"मोजून?" एक म्हातारा ओरडला. "दम का भात हाय, मोजायला?"

पुन्हा हसणं सुरू झालं. माझा सोबती पुढे येऊन काहीतरी वाफ्यांचं सांगायला लागला, त्याला कुणी ऐकेना. मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिथेच तापलो असतो. मी म्हटलं, "आज माझा दम तुटला तर मी परत मैदानात पाय ठेवनार नाय. हुतूतू सोडला. आनि तुम्ही जे म्हनता ते तोंडावर म्हना, मी हात उचलनार नाय."

दादा रागावलाय असं मला तेव्हा वाटलं. मग त्याने ढोलवाल्याला हात केला आणि स्वत:ची पाठ गावाकडे वळवली. त्या दिवशी त्याने माझ्या वाटच्या थापाही घेतल्या.

बैलगाड्यांतून गेलो. मैदानाला चारी बाजूंनी माणूस होता. मी गाडीतून उतरलो आणि वाडीच्या कडेने माझी शंभर पावलं चालायला लागलो. आमच्याच गावच्या लोकांनी माझ्यामागे मोठमोठ्याने पावलं मोजायला सुरुवात केली. "सत्तर! एकाहत्तर!" मला हसू आलं, आणि ते बरंच झालं.

पहिली चढाई माझी होती. रेघेपाशी उभा राहिलो तेव्हा छाती धडधडत होतीच. ती धडधडणारच, ती बंद करायची नव्हती. दोन पावलांचा घेतला, चार पावलांचा सोडला, मग भरून घेतला आणि आत शिरलो. 'हुतूतू' माझ्याच आवाजात ऐकू आलं, चिरकं नव्हे. सातही गडी दिसत होते. डावा कोपरा पुढे सरकतोय, मधला मागे हटतोय, उजवा माझ्या पायांकडे बघतोय. उजव्याला हाताने शिवलो आणि परत फिरलो. रेघेवर आलो तेव्हाही दम शिल्लक होता, तो मी उगाच चार वेळा 'हुतूतू' म्हणून संपवला. मला विजय साजरा करायचा नव्हता. एवढंच ऐकवायचं होतं, की बघा, आहे.

त्या सामन्यात मी सहा चढाया केल्या. दोनदा मला त्यांनी धरलं आणि मी बाद झालो. चांगले गडी होते ते. पण दम सुटून, एकटा, मधोमध उभा राहून बाद झालो नाही. माझा सोबती कोपऱ्यात मीच तापवून दिलेल्या पाठीने उभा होता, त्याने दोघांना असं पकडलं की त्यांच्या घरच्यांना काळजी वाटावी. आणि पंचांनी शेवटची चढाई पुकारली तेव्हा दोन्हीकडे सारखे गुण झाले होते. चढाई आमची होती.

म्हणजे दादाची. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो रेघेपाशी गेला, वाकला, माती कपाळाला लावली आणि उभा राहिला. मग तसाच उभा राहिला. मी त्याच्या शेजारी होतो म्हणून मला दिसलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि छाती भात्यासारखी खालीवर होत होती. त्याची पाठ मी कधी पाहिली नव्हती इतकी लाल होती. पंच म्हणाले, चला. दादा वळला, माझं मनगट धरलं. त्याचा हात गार होता.

"तू जा," तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकून ऐकलं. गावकऱ्यांत गलका झाला, कर्णधाराची चढाई दुसऱ्याने केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. दादा परत म्हणाला, "जा रं. माझा श्वास नाय."

मला शंभर पावलं चालायला वेळ नव्हता. चारच पावलं मिळाली. ती मोजली. आत शिरलो. समोर सहा गडी, सहाही मला ओळखून. डाव्या कोपऱ्याला पायाने शिवलो आणि फिरलो, तेवढ्यात मधल्याने कमरेला मिठी मारली. मग दुसरा, तिसरा. तोंडावर आपटलो. रेघ हातभर लांब होती. तिघांचं वजन पाठीवर, तोंडात माती, आणि माझं 'हुतूतू' चालूच. मी घाई केली नाही. कोपर रोवलं, अंग थोडं ओढलं. पुन्हा रोवलं, पुन्हा ओढलं. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते. शेवटच्या उरलेल्या हवेत बोटं पुढे टाकली आणि बोटांना राख लागली. शिट्टी वाजली.

त्यानंतर काय झालं ते गावाला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. मला उचललं, नाचवलं, ज्या म्हाताऱ्याने छातीचं विचारलं होतं त्याने माझी दृष्ट काढली. मी हसत होतो, पण माझं लक्ष दादाकडे होतं. तो गाडीच्या जुवावर एकटा बसला होता.

गावाच्या अलीकडे दादा आणि मी गाडीतून उतरलो. सूर्य मावळत होता. बाकीचे वाजतगाजत पुढे गेले. आम्ही बांधावरून चाललो होतो. बरंच चालल्यावर तो म्हणाला, "मना दर सामन्याआधी ओकारी येते."

मी थांबलो.

"पहिल्यापासून. देवलामागं जाऊन ओकून येतंय. मग पाठ तापवून घेतली की थोडा वेल काय समजत नाय, येवढंच. आज तेबी झालं नाय." तो खाली बघत होता. "तुला भित्रा कोन बोलला पहिला, ठाव हाय तुला?"

"कोन?"

"मी. पारावर बोललो. तू पडलास तेव्हा मना बरं वाटलं. वाटलं, लोकं आता तुझ्याकडं बघतील, माझ्याकडं नाय बघनार."

मला राग आला. किती आला ते शब्दांत सांगता येणार नाही. दोन वर्षं मी ज्या नावाखाली मान घालून फिरलो, ज्याच्यासाठी पाठ सोलून घेतली, ते नाव माझ्या भावाने मला स्वत:च्या भीतीला आडोसा म्हणून दिलं होतं. मी मूठ वळली. त्याने तोंड बाजूला केलं नाही, मारून घ्यायला उभा राहिला. आणि त्याच वेळी मला त्याची दयाही येत होती, त्याचाही मला राग आला. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून हा माणूस दर सामन्याला देवळामागे जाऊन एकटा ओकत होता, आणि ते कुणाला सांगायची सोय या गावात नव्हती.

मी मारलं नाही. माफही केलं नाही, त्याला पुढे दोन पावसाळे जावे लागले. मी एवढंच म्हटलं, "हे गावाला सांग."

"लोकं काय बोलतील?"

"जे मना बोलत होती ते."

तो बांधावरून पुढे चालायला लागला. मला वाटलं, सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयाचा नारळ फोडायला सगळं गाव देवळासमोर जमलं. म्हातारे माझं कौतुक करत होते, मला पुढे ओढत होते. दादाने नारळ फोडला, पाणी देवावर ओतलं आणि तिथेच वळून उभा राहिला. "मना एक सांगायचं हाय," तो म्हणाला. लोकांना वाटलं तो सामन्याबद्दल बोलणार. त्याने देवळामागचं सांगितलं. पारावरचं सांगितलं. "याला भित्रा मी केला," तो म्हणाला, "भित्रा मी..." आणि तिथे त्याचा श्वास तुटला. तोंड उघडं, आवाज नाही. सगळं गाव बघत होतं, मागे कुणीतरी हसायला लागलं होतं. मी जाऊन त्याच्या शेजारी उभा राहिलो, आणि त्याला पुन्हा बोलता येईपर्यंत एकालाही तोंड उघडू दिलं नाही.